जिमी कार्टर: राष्ट्राध्यक्ष बाजूला ठेवू, सुतार म्हणून बोलू

पटाशी (धागालेखक)

जानेवारी १९८१. निवडणूक दणकून हरलेला ५६ वर्षांचा माणूस व्हाइट हाउस सोडून घरी निघालाय. घर म्हणजे जॉर्जिया राज्यातलं प्लेन्स, वस्ती हजाराच्याही आत. चार वर्षं विश्वस्तांच्या हाती सोपवलेला घरचा शेंगदाण्याचा धंदा दहा लाख डॉलरहून जास्त कर्जात गेलेला. सोबतचे मंत्री आणि कर्मचारी वर्गणी काढून निरोपाला जीप देणार होते. याला कुणकुण लागली. त्याने कळवलं, जीप नको, सुतारकामाची हत्यारं द्या.

हत्यारं आली. गॅरेजचा कारखाना झाला. त्यातून पुढच्या काही दशकांत पलंग, टेबलं, खुर्च्या, कपाटं, पाळणा असं शंभराहून जास्त सामान बाहेर पडलं. काही घरात राहिलं, काही नातवंडांकडे गेलं, काही दरवर्षी लिलावात गेलं आणि पैसे त्यांच्या कार्टर सेंटर या संस्थेच्या कामाला लागले.

कार्टर २९ डिसेंबर २०२४ला गेले. वय १००. तेव्हापासून त्यांच्यावर जे जे वाचतोय त्यात कॅम्प डेव्हिड, इराणचे ओलीस आणि नोबेल एवढंच पुन्हा पुन्हा. मला त्यातलं फार कळत नाही. मी हौशी सुतार आहे, रविवारी गॅलरीत भुसा पाडतो आणि सोमवारपर्यंत त्याबद्दल ऐकून घेतो. म्हणून माझ्या कळण्यातलंच लिहितो.

त्यांनी हिकरी या अमेरिकेतल्या टणक झाडाच्या ओल्या लाकडाच्या खुर्च्या केल्या होत्या. खिळा नाही, स्क्रू नाही. यातली गंमत सुतारकाम न करणाऱ्यांनाही सांगायला हवी. झाड पाडायचं, ओंडका करवतीने न कापता पाचर मारून धाग्याच्या रेषेत फोडायचा. खुर्चीचे उभे पाय ओलसर ठेवायचे आणि आडव्या दांड्या मात्र खडखडीत वाळवायच्या. मग पायाला भोक पाडून वाळलेली दांडी त्यात ठोकून बसवायची. पुढच्या काही आठवड्यांत पाय वाळतो, आकसतो आणि दांडीला धरून बसतो. दांडी पायातला ओलावा पिऊन किंचित फुगते, तिची पकड वेगळीच. म्हणजे सांधा तुम्ही घरी झोपलेले असताना घट्ट होत जातो. पण ओलं किती आणि वाळलेलं किती हे चुकलं तर एक तर पाय तडकतो, नाहीतर खुर्ची वर्षभरात कुरकुरायला लागते. घाईच्या माणसाचं हे काम नाही.

हाच माणूस अठराव्या वर्षाच्या आसपास रविवारच्या शाळेत बायबल शिकवायला लागला आणि नव्वदी ओलांडल्यावरही शिकवत होता. नौदलात असताना, गव्हर्नर असताना, राष्ट्राध्यक्ष असतानाही अधूनमधून. प्लेन्सच्या मरानाथा बॅप्टिस्ट चर्चमध्ये त्यांचा वर्ग ऐकायला लोक पहाटेपासून रांग लावत. त्या चर्चमधला लाकडी क्रूस त्यांनी केलेला. दानाच्या लाकडी ताटल्याही त्यांच्याच, खाली जे. सी. अशी आद्याक्षरं कोरलेली. चर्चच्या आवारातलं गवत कापायची पाळीही ते करत आणि त्यांच्या पत्नी रोझलिनबाई स्वच्छतागृहं घासत.

१९८४पासून नवरा-बायको वर्षातला एक आठवडा हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी या संस्थेसाठी घरं बांधायला जाऊ लागले. ही संस्था १९७६मध्ये त्यांच्या शेजारच्याच अमेरिकस गावात सुरू झालेली. पहिल्या वर्षी न्यू यॉर्कला एक मोडकळीस आलेली इमारत दुरुस्त करायची होती. माजी राष्ट्राध्यक्ष स्वयंसेवकांबरोबर बसने गेले. पुढची तीसहून जास्त वर्षं हा नेम चालला: १४ देश, ४,३०० च्या वर घरं. आणि हे फीत कापायला जाणं नव्हतं. हातात हातोडा आणि कंबरेला खिळ्यांची पिशवी. गप्पा मारत कोणी उभं राहिलं तर साहेबांची नजर टोचायची, असं सोबत काम केलेले सांगतात.

तुम्हाला जे माहीत असेल ते लिहा. राजकारण आलं तरी चालेल, पण सुतारकाम आलं तर जास्त आवडेल.

गुण्या

झकास धागा. अंत्यविधीच्या वेळी त्यांचा नातू जेसन बोलला होता तो भाग ऐकला का? आजी-आजोबांच्या घरी सिंकशेजारी एक छोटा स्टँड होता आणि त्यावर धुतलेल्या झिपलॉक पिशव्या वाळत घातलेल्या असत. पुन्हा वापरायला. वॉशिंग्टनच्या त्या भल्यामोठ्या कॅथीड्रलमध्ये, हयात असलेले सगळे राष्ट्राध्यक्ष समोर बसलेले असताना, विषय प्लास्टिकच्या पिशव्या धुण्याचा!

घरसुद्धा तेच, १९६१मध्ये बांधलेलं, दोन बेडरूमचं. बाहेर उभ्या असलेल्या सुरक्षा दलाच्या चिलखती गाड्यांची किंमत घरापेक्षा जास्त होती म्हणे.

विक्रोळीकर

धागालेखक, एक राहिलं. यांच्या मातोश्री आमच्याकडच्या!

म्हणजे झालं असं की लिलियन कार्टर या नर्स. नवरा १९५३मध्ये गेला. मुलं आपापल्या मार्गाला. तर ६८व्या वर्षी या बाई पीस कोअरमध्ये (अमेरिकी सरकारची परदेशात स्वयंसेवक पाठवणारी संस्था) भरती झाल्या आणि १९६६ ते ६८ अशी जवळजवळ दोन वर्षं विक्रोळीला गोदरेज कॉलनीत राहून त्यांनी दवाखान्यात काम केलं. कुटुंबनियोजन, लसी, कुष्ठरुग्णांची शुश्रूषा. ६८ हे आपल्याकडे गुडघ्यांची तक्रार करत अंगणात बसायचं वय.

मुलाचा हात कुठून आला हे वडिलांच्या शेतावरच्या कार्यशाळेत शोधाल तर सापडेल (तिथेच तो लोहारकाम-सुतारकाम शिकला). पण परक्याच्या जखमेला हात लावायची सवय आईकडची असणार.

तिरकस

रसभंग करतो, माफी असावी.

माणूस गेला की त्याच्या खुर्च्या आठवतात आणि कारभार विसरतो आपण. ३१ डिसेंबर १९७७च्या रात्री हेच गृहस्थ तेहरानमध्ये इराणचे राजे शहा यांच्या मेजवानीत इराणला स्थैर्याचं बेट म्हणत होते. वर्षभराने शहा देश सोडून पळाले. त्यानंतर तेहरानच्या अमेरिकी वकिलातीतल्या लोकांचं ४४४ दिवसांचं ओलीसनाट्य. सुटकेच्या फसलेल्या मोहिमेत ८ अमेरिकन सैनिक वाळवंटात मेले.

त्या मेजवानीनंतर स्वारी थेट दिल्लीला आली. अमेरिकेने तारापूरच्या अणुवीज केंद्राला द्यायच्या इंधनाचा वाद चालू होता. माइक चालू आहे हे न कळून साहेब स्वतःच्या परराष्ट्रमंत्र्यांना म्हणाले की परत गेल्यावर पंतप्रधान मोरारजींना एक थंड आणि अगदी रोखठोक पत्र लिहू. सगळ्या पत्रकारांनी ऐकलं. रविवारच्या शाळेचे मास्तर!

आणि बारकाईबद्दल म्हणाल तर त्यांच्याच भाषणं लिहिणाऱ्या माणसाने नंतर लिहिलं की व्हाइट हाउसचं टेनिस कोर्ट कोण कधी वापरणार हेसुद्धा साहेब स्वतः बघत. कार्टरनी ते नाकारलं, पण लोकांना पटलं, यातच काय ते आलं. सुताराने सुतारकाम करावं, देश चालवू नये.

पटाशी

तिरकसराव, माफी कसली. तुमचं शेवटचं वाक्य सोडलं तर वाद नाही.

टेनिस कोर्टाचं मला पूर्ण पटतं, ते खरं नसलं तरी. मीही तसाच आहे. टेबलाचा एक पाय अर्धा मिलिमीटर आखूड राहिला तर मी पाहुण्यांशी नीट बोलू शकत नाही. खुर्ची करताना हा गुण आहे. शंभर माणसांकडून काम करवून घेताना तोच दुर्गुण होतो, कारण प्रत्येकाचा रंधा तुम्हालाच मारावासा वाटतो. कार्टरना एका जागी उपयोगी पडलेली सवय दुसऱ्या जागी नडली, असं मी समजतो.

पण १९७८ला कॅम्प डेव्हिडमध्ये इजिप्तचे सादात आणि इस्रायलचे बेगिन यांना १३ दिवस डोंगरावर ठेवून शांतता समझोत्याच्या मसुद्याचे खर्डेच्या खर्डे स्वतः हाताने दुरुस्त करत बसला तोही हाच माणूस. तिथे तीच सवय कामी आली. (बघा, राजकारण मीच काढलं.)

बोल्ट_आणि_नट

हात चालवण्याचाच विषय आहे तर चॉक रिव्हर हवंच.

डिसेंबर १९५२, कॅनडातल्या चॉक रिव्हर इथे अणुभट्टीचा गाभा अंशतः वितळला. कार्टर तेव्हा अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुडी प्रकल्पात, वय २८. तुकडी घेऊन त्यांना तिथे पाठवलं. भट्टी उघडून सुटे करायचे भाग होते, पण किरणोत्सर्ग इतका की एका माणसाने आत जेमतेम दीड मिनिट थांबायचं. मग काय केलं? शेजारच्या टेनिस कोर्टावर (तिरकसराव, ऐकताय ना?) भट्टीची हुबेहूब नक्कल उभारली. तिच्यावर सराव करायचा. कुठला बोल्ट, कुठला पाना, किती आटे. मग धावत आत जायचं, आपल्या वाट्याचा बोल्ट सोडवायचा, बाहेर. प्रत्येक बोल्ट निघाला की नकलेवरचाही तोच काढायचा, म्हणजे पुढच्याला कळेल काय उरलंय.

पुढे कित्येक महिने त्यांच्या लघवीत किरणोत्सर्ग सापडत होता. आणि माणूस १०० वर्षं जगला. यातून कुणी वैद्यकीय निष्कर्ष काढू नयेत.

अनामिका_दुपारची

सगळे पुरुष हत्यारांवर बोलताहेत. मी रोझलिनवर बोलते.

त्याने पहिल्यांदा मागणी घातली तेव्हा तिने नाही म्हटलं होतं. वडिलांना शब्द दिला होता, शिक्षण पुरं करीन म्हणून. मग ७ जुलै १९४६ला लग्न झालं. ७७ वर्षांचा संसार, चार मुलं. ती १९ नोव्हेंबर २०२३ला गेली तेव्हा तो स्वतः नऊ महिने घरीच अखेरच्या दिवसांच्या शुश्रूषेत (हॉस्पिस), तरी तिच्या प्रार्थनासभेला त्याला चाकाच्या खुर्चीवरून नेलं होतं.

पण फार गोड करून सांगू नका हं. १९५३ला वडील गेल्यावर नौदल सोडून गावी परतायचा निर्णय त्याने हिला न विचारताच घेतला. तिला नौदलाचं फिरतं आयुष्य आवडत होतं. गावाकडच्या अख्ख्या प्रवासात ती त्याच्याशी धड बोलली नाही. बरोबरच केलं. आणि गावी काय? सुरुवातीला सरकारी वसाहतीतलं भाड्याचं घर, वर दुष्काळ.

१९८०च्या दशकात दोघांनी मिळून एक पुस्तक लिहायला घेतलं आणि तेवढ्यावरून संसार मोडायची वेळ आली! तो भराभर लिहून मोकळा होणारा, ती एकेक वाक्य घासणारी. तिच्या मजकुराला तो कच्चा खर्डा समजायचा, आणि त्याने तिच्या वाक्यावर पेन चालवलं की ही भडकायची. शेवटी बोलणं बंद, एकाच घरात चिठ्ठ्या. तोडगा संपादकाने काढला: वादाचे परिच्छेद वाटून घ्या आणि ज्याच्या त्याच्या परिच्छेदाला ज्याचं त्याचं आद्याक्षर लावा. पुस्तक तसंच छापलं.

रोज रात्री दोघं बायबलचा उतारा वाचत. पुढे तो उतारा दोघं स्पॅनिशमधून वाचू लागले, भाषा विसरू नये म्हणून. हे वाचल्यावर मला तो पहिल्यांदा खरा भाविक वाटला. देवाचं नाव घेता घेता व्याकरणही पक्कं करून घेणारा.

चार्वाकाचा_चुलतभाऊ

मी नास्तिक. राजकारणी देवाचं नाव घ्यायला लागला की मी पाकीट चाचपतो. हा माणूस वेगळा कसा, ते कुणी सांगेल? चर्चला जाणारे राष्ट्राध्यक्ष तिथे ढिगाने झालेत.

बोल्ट_आणि_नट

चार्वाकभाऊ, दोन-तीन गोष्टी.

एक, निक्सनच्या काळात व्हाइट हाउसमध्येच प्रार्थनासभा भरत. कार्टरनी तो प्रकार ठेवला नाही. सरकार वेगळं, चर्च वेगळं. स्वतः मात्र वॉशिंग्टनमधल्या चर्चला जायचे.

दोन, १९६५मध्ये त्यांच्या प्लेन्समधल्या चर्चने कृष्णवर्णीयांना प्रवेश द्यायचा का यावर मत घेतलं. प्रवेश द्यावा म्हणणारी मतं पडली ६. त्यातली ५ कार्टर घरातली. गावात ज्यांच्याकडे तुमचा धंदा अवलंबून आहे त्यांच्यासमोर हात वर करायचा म्हणजे काय ते छोट्या गावात राहिलेल्याला कळेल. पुढे याच प्रश्नावरून ते चर्च फुटलं आणि १९७७मध्ये मरानाथा निघालं.

तीन, सदर्न बॅप्टिस्ट या आपल्या पंथसंघटनेने बायकोने नवऱ्याच्या अधीन राहावं, स्त्रीने पाद्री होऊ नये अशा भूमिका घेतल्या तेव्हा २०००मध्ये त्यांनी तिच्याशी नातं तोडलं. वय ७६. त्या वयात लोक देव बदलत नाहीत आणि डॉक्टरही. त्यांनी देव ठेवला, संघटना सोडली.

चार्वाकाचा_चुलतभाऊ

पाकीट खिशात परत ठेवलं. तिसऱ्या मुद्द्याला +१.

मावळचा_पाऊस

लोणावळ्याचा उल्लेख अजून कसा कुणी केला नाही? २००६च्या ऑक्टोबर अखेरीस त्यांचा तो बांधकामाचा आठवडा आपल्याकडे झाला होता, मळवलीजवळच्या पाटण गावात. १०० घरांचा संकल्प. ब्रॅड पिट, जॉन अब्राहम, स्टीव्ह वॉ अशी मंडळी येऊन गेली, त्यामुळे वर्तमानपत्रांत फोटो त्यांचेच.

मी तेव्हा कॉलेजात होतो, मित्राबरोबर तीन दिवस स्वयंसेवक म्हणून गेलो. खरं सांगायचं तर ब्रॅड पिट बघायला. माझ्या वाट्याला घमेली आली. माझं घर आणि कार्टर काम करत होते ते घर यांत बरंच अंतर, सुरक्षाही कडक, त्यामुळे आमची ओळख झाली वगैरे थापा मारत नाही. लांबून दिसायचे. ८२ वर्षांचा म्हातारा, डोक्यावर टोपी, वाकून काहीतरी मोजतोय. दुपारी मोठमोठे पाहुणे येऊन हात हलवून गेले आणि म्हातारा तिथेच. संध्याकाळी आम्ही पाठ धरून बसलो तेव्हाही तिथेच.

मला एक गवंडीकाका भेटले. तोंडात तंबाखू, हातात ओळंबा. त्यांना विचारलं, काका, ते कोण माहीत आहे का? म्हणाले, "कुणी का असंना, रेघ सरळ मारतोय."

पटाशी

वा. धाग्याचं शीर्षक बदलून हेच ठेवावं का?

विहिरीचं_पाणी

कार्टर म्हटलं की मला नारू आठवतो. आमच्या आजीच्या पोटरीवर त्याचा व्रण होता. नव्या पिढीला नारू माहीतच नाही, म्हणून थोडं सविस्तर.

पायऱ्यांच्या विहिरीत किंवा तळ्यात पाण्यातल्या बारीक किड्यांच्या पोटात याच्या अळ्या असतात. ते पाणी गाळल्याशिवाय प्यायलं की अळी माणसात शिरते. वर्षभर काहीच कळत नाही. मग पायाला फोड येतो, आग होते, फोड फुटतो आणि दोरीसारखी जंताची मादी डोकं काढते. लांबी मीटरभरापर्यंत. ओढून काढता येत नाही, तुटली तर आत सडते. काडीला गुंडाळत रोज थोडी थोडी बाहेर काढायची, आठवडे जातात. आग शमवायला माणूस पाय पाण्यात बुडवतो, तिथे जंत नव्या अळ्या सोडतो, आणि चक्र पुन्हा सुरू.

याला लस नाही, औषध नाही. उपाय एकच: पाणी फडक्यातून गाळून प्या आणि नारू निघालेल्याला पाणवठ्यात उतरू देऊ नका. सांगायला सोपं. गावोगाव पटवून देणं महाकठीण.

कार्टर सेंटरने १९८६मध्ये हे काम हाती घेतलं तेव्हा आफ्रिका आणि आशियात मिळून २१ देशांत वर्षाला अंदाजे ३५ लाख रुग्ण होते. १९८८मध्ये घानातल्या एका गावात कार्टरना एक तरुण बाई दिसली. त्यांना वाटलं तिच्या कडेवर बाळ आहे. जवळ गेले तर ती स्वतःचा सुजलेला स्तन हातावर तोलून उभी होती, त्यातून नारू बाहेर येत होता. हे ते पुढे कितीदा तरी सांगत. १९९५मध्ये सुदानच्या यादवी युद्धात त्यांनी मध्यस्थी करून जवळपास सहा महिन्यांचा युद्धविराम घडवला, कशासाठी तर गाळणी गावांपर्यंत पोचावीत म्हणून. त्या युद्धविरामाला नारूचंच नाव पडलं.

भारतातला शेवटचा रुग्ण १९९६चा, राजस्थानातला. २०००मध्ये आपण नारूमुक्त ठरलो. आपल्याकडचं श्रेय मुख्यतः आपल्याच आरोग्यसेवकांचं, हे ठासून सांगते. जगभरात २०२३मध्ये रुग्ण उरले १४. लाख नव्हे, चौदा.

२०१५मध्ये कर्करोग मेंदूपर्यंत गेल्याचं त्यांनी पत्रकारांना सांगितलं तेव्हा एक इच्छा बोलून दाखवली, की शेवटचा नारू माझ्याआधी मरावा. ते राहिलं.

तिरकस

हे मला माहीत नव्हतं. माझं वरचं मत कायम आहे, पण हे माहीत नव्हतं.

गुण्या

थोडं अवांतर, पटाशी यांना प्रश्न. ओल्या लाकडाचं गणित नीट कळलं नाही. गावाकडे कुऱ्हाडीचा दांडा ओला बसवला की शिव्या बसतात, चार दिवसांत पातं निघून हातात येतं. मग खुर्चीत ओलं लाकूड कसं चालतं?

पटाशी

अवांतर कसलं, हाच तर मुद्दा. कुऱ्हाडीत भोक लोखंडाचं. ते आकसत नाही. आतला ओला दांडा मात्र आकसतो आणि ढिला होतो. खुर्चीत उलटं: भोक ज्यात आहे ते लाकूड ओलं, आत शिरणारं कोरडं. आकसायचं ते बाहेरच्याने. एवढं लक्षात ठेवलं की झालं. मी हे पहिल्या प्रयत्नात उलटं केलं होतं. ती खुर्ची आता कुंड्यांखाली आहे.

अनामिका_दुपारची

शेवटचं आठवलं ते लिहून टाकते. ऑक्टोबर २०१९. वय ९५ पूर्ण होऊन आठवडाही झाला नव्हता. सकाळी घरात पडले, भुवईवर १४ टाके, डोळा काळानिळा. नॅशव्हिलला घरबांधणीचा आठवडा सुरू व्हायचा होता. सगळ्यांनी गृहीत धरलं की आता येत नाहीत. संध्याकाळी डोळ्याखाली पट्टी लावून स्वारी नॅशव्हिलच्या मंचावर हजर, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हातात ड्रिल घेऊन ओसरीचे लाकडी भाग जोडत बसलेले.

विक्रोळीकर

हा प्रतिसाद आमच्या बाबांना वाचून दाखवणार नाही. ७८ वर्षांचे आहेत आणि कालपासून पंख्यासाठी शिडी मागताहेत.